किटलीवरचा साबण

१

आमच्या घरात रोज सकाळी आजोबा किटलीला साबण लावायचे. धुवायला नाही. धुतलेल्या, पुसलेल्या, स्वच्छ किटलीला लावायचे. ओल्या बोटांवर अंगाच्या साबणाची वडी फिरवायची आणि किटलीचं चकचकीत पोट चोळत राहायचं. काचेवर कुणीतरी तोंडाची वाफ सोडावी तसं ते धुरकट झालं की किटली टेबलाच्या मधोमध ठेवायची. मगच सगळ्यांनी बसायचं.

सगळे म्हणजे चौघं. आजोबा, आई, बाबा आणि मी. खुर्च्या मात्र पाच. पाचवीसमोरही कप मांडलेला असायचा.

आई म्हणायची, "म्हातारपण आहे, चालायचंच." बाबा म्हणायचे, "त्यांना काही बोलू नकोस." या दोन वाक्यांवर आमचं घर उभं आहे, पाया वगैरे नंतर. मी एकदा चिडून विचारलंही होतं, "आजोबा, यासाठी काही खास साबण लागतो का?"

"कुठलाही चालतो," ते म्हणाले. "फक्त रोज लावायचा."

बास. विषय संपला. आमच्याकडे विषय सुरू होण्याआधीच संपवतात.

दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं. घरात त्याला 'सुटलं' म्हणतात, जणू कॉलेज ही बस होती आणि मी थांब्यावर पेंगत होते. जाहिरातीचं कॉलेज, आजोबांच्या ओळखीनं मिळालेलं. तिथे एक अख्खं सत्र, बिस्किटाच्या पुड्यानं आईला अपराधी कसं वाटायला लावायचं, यावर होतं. अपराधी वाटायला लावणं आमच्या घरी फुकट शिकायला मिळतं. त्यासाठी फी कशाला?

तेव्हापासून मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपत होते. सोफा म्हणजे रस्ताच. जो जाईल तो पायांशी थांबून एक सल्ला टाकून जातो. बाबा, शेजारचे काका, एकदा तर गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा. मला दार लागणारी खोली हवी होती. मागची खोली होती, पण तिच्यात आजोबांची नोकरी भरून ठेवलेली होती.

"रिकामी कर, तुझी," बाबा म्हणाले. "निदान एक काम तरी पूर्ण करून दाखव."

२

आजोबांनी उभी हयात एका जाहिरात कंपनीत काढली. आधी ब्रश धुणारे, मग चित्रं काढणारे, मग दुसऱ्यांच्या चित्रांवर लाल पेन्सिलीनं रेघोट्या मारणारे. सगळं त्यांनी जपलं होतं. मूळ चित्रं, छपाईचे नमुने, निगेटिव्हची पाकिटं, पिवळी पडलेली कात्रणं. जुनं व्हायला लागलेलं शतक कसं दिसतं ते बघायचं असेल तर आमची मागची खोली बघायची. अख्खं शतक दात काढून हसत होतं. साबणाची बाई, पंख्याची बाई, रेडिओला कान लावलेला बाप, जॅमनं तोंड माखलेली पोरं. या सगळ्यांना एकदम इतका आनंद कशाचा झाला होता, कुणास ठाऊक. घरात खरोखर कुणी असं हसलेलं मी पाहिलं नव्हतं.

हे सगळं नेणार होत्या संग्रहालयाच्या बाई. जुन्या जाहिरातींचं दालन त्या नव्यानं उभं करत होत्या. गोल चेहऱ्याची, पांढरे सुती हातमोजे घालणारी, सदा आनंदी बाई. कशालाही 'वा!' म्हणायच्या. गंजलेल्या टाचणीलासुद्धा 'वा!' मला त्या आवडल्या, कारण आमच्या घरात येऊन त्यांनी मला 'पुढे काय करणार' असं विचारलं नाही.

"एकच अट आहे हं," त्या म्हणाल्या. "आम्ही अर्धवट घेत नाही. एक माणूस घेतला की पूर्ण घेतो. नाहीतर राहू दे."

आजोबांची ख्याती एका कल्पनेवर होती. चहाची जाहिरात. हसरं कुटुंब टेबलाभोवती, मधे किटली, आणि आपल्या बाजूची एक खुर्ची रिकामी, जरा मागे ओढलेली. तिच्यासमोर भरलेला कप. खाली ओळ : 'तुमची खुर्ची तयार आहे.'

"बघणाऱ्याला बसायला जागा ठेवायची," आजोबा बाईंना सांगत होते. "चित्र पूर्ण भरलं की माणूस बाहेरच उभा राहतो. मग तो विकत कशाला घेईल?"

"वा!" बाई म्हणाल्या.

चहा इतका खपला की पुढे आजोबांनी प्रत्येक जाहिरातीत ती खुर्ची ठेवली. बिस्किटं, लोणी, विम्याच्या पॉलिस्या, फरशीचं पॉलिश. माणसं बदलली, कपडे बदलले, केसांचे भांग बदलले, खुर्ची तीच. आता ती आमच्या टेबलाशी होती, हे मला खोली आवरताना कळलं. घरात कुणी सांगितलं नव्हतं. सांगतील कसे?

३

मी चित्रं वर्षांप्रमाणे लावत होते. जमिनीवर, एका ओळीत, भिंतीपासून दारापर्यंत. तेव्हा ते दिसलं.

सुरुवातीच्या जाहिरातींत सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत, जसं हसतात. मग हळूहळू त्यांची नजर सरकते. कॅमेऱ्यात नाही, त्याच्या जरा अलीकडे, जरा खाली. एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना. पार दारापर्यंत प्रत्येक बाप, प्रत्येक आई, प्रत्येक पोर एकाच ठिकाणी बघून हसत होतं. त्या खुर्चीत कुणी बसलं असतं तर त्याचा चेहरा जिथे आला असता, तिथे.

मी शहाणी मुलगी आहे, कॉलेज सोडलं म्हणून अक्कल सोडलेली नाही. साधी गोष्ट होती. फोटोवाले काठीला कागदाचा गोळा लावून धरतात, 'इकडे बघा' म्हणतात. लहान पोरांना तर खुळखुळा दाखवतात.

तरी मी आजोबांना विचारलं. ते खिडकीशी नखं कापत बसले होते.

"आजोबा, मॉडेलना कुठे बघायला सांगायचात?"

"कॅमेऱ्यात."

"पण ते कॅमेऱ्यात बघत नाहीयेत."

"नाही," ते म्हणाले आणि अंगठ्याचं नख कापलं. "ऐकायचे नाहीत."

"आणि किटलीला साबण का?"

हे मात्र त्यांनी सविस्तर सांगितलं. चकचकीत भांड्यात सगळं दिसतं. कॅमेरा, दिवे, काळ्या फडक्यात डोकं घातलेला फोटोवाला. म्हणून फोटोआधी साबण लावून चकाकी मारायची. धंद्यातली रीत आहे, सगळे करायचे. माझा जीव भांड्यात पडला. निदान एका विक्षिप्तपणाला तरी कारण निघालं.

"पण घरात कुठे कॅमेरा आहे?" मी म्हटलं.

आजोबांनी नखं गोळा केली, कागदात बांधली.

"सवय," ते म्हणाले.

४

एक पेटी ते देईनात. हिरवी, पत्र्याची, खाटेखाली ठेवलेली.

जेवताना मी तोफ डागली. "बाकी सगळं बांधून झालंय. एका पेटीसाठी बाई काहीच नेणार नाहीत. मग मी सोफ्यावरच मरायचं का?"

"मरायच्या गोष्टी जेवताना नकोत," आई म्हणाली.

"त्यांना काही बोलू नकोस," बाबा म्हणाले.

"तुम्ही बोला मग! तुमचे वडील आहेत. साठीला आलात, एकदा तरी विचारलंत का, हे साबण का लावतात? ही खुर्ची का मांडतात?"

बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. "आमच्या वेळी प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. म्हणून आमची कॉलेजं सुटली नाहीत."

आजोबा उठले. पाचव्या खुर्चीसमोरचं पाणी त्यांनी बदललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपलेले असताना मी पेटी उघडली. चांगलं ऊन होतं, शेजारी कुणाचा तरी रेडिओ गात होता, भीती वाटावी असं काहीही नव्हतं. पेटीत फक्त फोटोंची पानं निघाली. एका फिल्मवरचे सगळे फोटो नखाएवढे एका कागदावर छापतात, तशी. चहाचीच जाहिरात, पण किटली चकचकीत. त्या दिवशी साबण लावलेला नव्हता.

मी आजोबांचं भिंग घेतलं. फोटोवाल्याची फजिती बघायला मिळेल म्हणून मला हसूच येत होतं. आणि तो होताच. किटलीच्या पोटात तिपाई, वाकडे झालेले दिवे, काळं फडकं. त्याच्या अलीकडे ती खुर्ची.

फोटोत खुर्ची रिकामी होती. किटलीत नव्हती.

पहिल्या फोटोत नुसता खांदा. मी भिंग पुसलं. पुढच्यात खांदा टेबलाच्या जवळ आला होता. त्याच्या पुढच्यात गालाची एक कड, गुळगुळीत, नुकतीच दाढी केल्यासारखी. आणि ती वर उचललेली होती. हसताना गाल वर जातो तशी.

"कितव्यापर्यंत आलीस?"

आजोबा खाटेवर उठून बसले होते. रागावलेले नव्हते. अंथरुणावरच्या सुरकुत्या हातानं सारख्या करत होते.

"गालापर्यंत," मी म्हटलं.

"मग पुढचे बघू नकोस."

"कोण आहे तो?"

"मला काय माहीत? बोलावलं, आला." ते जरा हसले. "घरोघरी, भिंतीभिंतीवर लिहून ठेवलं, तुमची खुर्ची तयार आहे. कुणीतरी ते मनावर घेणारच ना?"

"आणि करतो काय?"

"काही नाही. बसतो. खूश असतो."

"आजोबा!"

"खरंच. तक्रार नाही, कटकट नाही. फक्त तो दिसला की त्याच्याकडेच बघावंसं वाटतं. म्हणून साबण."

मला संताप आला. भीती नाही, संताप. इतकी वर्षं या लोकांनी एका टेबलाशी बसून चहा ढोसला आणि एकानं तोंड उघडलं नाही. गप्प बसायचं, वरून साबण फासायचा. आमच्या सगळ्या वडीलधाऱ्यांची हीच तऱ्हा.

५

सकाळी मी आजोबांच्या आधी उठले. किटली घासली. इतकी घासली की तिच्याकडे बघताना डोळे दिपले. टेबलावर ठेवली आणि पाचव्या खुर्चीत जाऊन बसले. होऊन जाऊ दे एकदा.

खुर्ची कोमट होती. खिडकी समोरच आहे, ऊन पडलं असेल. आणि जरा उंच वाटली, माझे पाय जमिनीला टेकेनात. गादी असेल. मी हात खाली घालून चाचपलं नाही.

बाबा आले. मी वाट बघत होते, आता बोलतील. ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि हसले. दात दिसेपर्यंत हसले. बाबांचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

"काय छान ऊन पडलंय आज," ते म्हणाले आणि माझ्यासमोरचा कप त्यांनी स्वतः भरला. बाबांनी! आई आली, तीही हसली. "घे ना, गरम आहे तोवर घे. साखर पुरे ना?" बाबांनी तिला काहीतरी गमतीचं सांगितलं, ती त्यांच्या दंडावर चापट मारून हसली. खोली कशी उजळल्यासारखी झाली. कुणी कॉलेजचं नाव काढलं नाही. कुणी सुस्कारा सोडला नाही. ते दोघं माझ्याकडे असं बघत होते, जणू मी काहीतरी जिंकून आले होते.

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. इतके दिवस हेच तर हवं होतं. खोलीबिली सगळी थाप.

मग मी जरा मान हलवली. त्यांची नजर हलली नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते. जरा वर बघत होते.

दारात आजोबा उभे होते, हातात ओली साबणाची वडी. "ऊठ," ते म्हणाले. "हळूच ऊठ. झटका नको."

मी किटलीकडे बघितलं. कुणीही बघितलंच असतं. तिच्या फुगीर पोटात आमचं अख्खं घर वाकडं झालं होतं. बाबांचं नाक भोपळ्याएवढं, आईचा हात कोपरापासून लांबच लांब. मधे माझा चेहरा, पांढरा, चिंचोक्याएवढा. आणि माझ्या डोक्यावर, बरोबर भांगावर, टेकवलेली एक हनुवटी. गुळगुळीत. तिच्या वरचं झाकणाच्या वळणात गेलं होतं. पण कप दिसत होता, आणि कपाभोवतीचे दोन हात दिसत होते.

माझे हात माझ्या मांडीवर होते.

मी खुर्चीवर बसलेच नव्हते.

उठले. हळूच. पाय जमिनीला लागले तेव्हा कळलं, किती वरून उतरले. आजोबांनी दोन्ही हातांनी किटलीला साबण फासला. बाबा अजून थोडा वेळ हसत राहिले, त्याच उंचीवर बघत. मग त्यांनी डोळे चोळले.

"किटली कुणी घासली? आणि इतक्या सकाळी काय तमाशा आहे हा? निदान तोंड तरी धुतलंस का?"

बाबांची बोलणी इतकी गोड मला कधी लागली नव्हती.

६

"ने ती पेटी," आजोबा म्हणाले. "आता काय राहिलंय लपवायला?"

बाई आल्या त्या दिवशी टेम्पो दारात उभा होता. खोके भरून झाले. हिरवी पेटीही चढली, तिला दोनदा 'वा!' मिळालं. फक्त बाईंची पोचपावतीवर सही राहिली होती. आई म्हणाली, चहा घेऊन जा. आम्ही चौघं आपापल्या जागी बसलो. किटली मधे, धुरकट, बिनबोभाट. आजोबा तिला साबण लावत होते तेव्हाही बाईंनी 'वा!' म्हटलं होतं.

"इथे बसू ना?" म्हणून बाईंनी पाचवी खुर्ची ओढली.

आजोबांनी तोंड उघडलं. ते काही बोलणार इतक्यात बाबा म्हणाले, "बसा ना, बसा." दुसरं काय म्हणणार? पाहुण्याला आपल्याकडे दुसरं वाक्यच नाही.

बाई बसल्या. माझी नजर आपोआप टेबलाखाली गेली. त्यांच्या चपला जमिनीपासून वर, नुसत्या लोंबत होत्या. एक जरा हलत होती.

"काय आरामशीर खुर्ची आहे हो," त्या म्हणाल्या. "उठावंसंच वाटत नाही."

एक वाक्य पुरलं असतं. 'बाई, उठा.' एवढंच. ते माझ्या जिभेवर होतं. पण पावती टेबलावर पडली होती, सहीची जागा कोरी होती, आणि मागे माझी खोली, पहिल्यांदाच रिकामी, दार सताड उघडं. बाईंना वेडबिड वाटलं आणि त्यांनी सगळे खोके उतरवायला सांगितले तर? आई साखर ढवळत होती. बाबा हसत होते, थोडे वर बघून. मी पेन बाईंच्या हाताशी सरकवलं. आणि काय करायचं म्हणून मीही हसले.

त्यांनी सही केली. पांढरा हातमोजा टेबलावरून सगळ्यांवर फिरवत म्हणाल्या, "उद्घाटनाला सगळ्यांनी यायचं हं. कुणी मागे राहायचं नाही. सगळ्यांसाठी जागा राखून ठेवते."

आजोबांनी डोळे मिटून घेतले.

७

खोली माझी झाली. दार लागतं, कडी आहे. पहिल्या रात्री मी इतकी गाढ झोपले की सकाळी बाबांना दार वाजवावं लागलं.

त्या सकाळी आजोबांनी साबणाची वडी हातात घेतली, थांबले, परत जागेवर ठेवली. किटली तशीच चकचकीत टेबलावर आली. तिच्यात आम्ही चौघं, भोपळ्याएवढी नाकं घेऊन, आणि एक खुर्ची. नुसती खुर्ची. आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग उठले आणि जाऊन तिच्यात बसले. त्यांचे पाय जमिनीला नीट टेकले.

"बुटकी आहे गं," ते म्हणाले. कुणीतरी न सांगता निघून गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

बाबांचे ते दोन दात त्यानंतर मला दिसले नाहीत. मी विनोद करून बघते अधूनमधून. काल ओठाचा कोपरा जरा हलला. पण तो माझ्याकडे बघून हलला, एवढं नक्की.

उद्घाटनाला आम्ही गेलो नाही. आजोबांची तब्येत बरी नाही, असं मीच कळवलं.

नंतर एकदा बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, हसरा. दालनाला काय प्रतिसाद आहे म्हणून सांगू! लोक येतात, वाचायला बसतात, उठायचं नाव घेत नाहीत. एरवी तोंड पाडून बसणारे आमचे कर्मचारी, तेसुद्धा इतके आनंदी झालेत की विचारू नकोस. सगळे कसे एकदम हसतात.

"वा," मी म्हटलं.

"हो ना! वा!" आणि मग त्या जरा थांबल्या. मागे कुठेतरी पुष्कळ माणसं हसत होती. "एक विचारायचं होतं गं. सहजच. आमच्याकडे सगळी काचेची कपाटं आहेत ना, आणि दारांच्या मुठी पितळी. तर तुझे आजोबा किटलीला तो साबण लावायचे बघ. तो कोणता?"

मी माझ्या खोलीत उभी होते. मी दार लावून घेतलं.

"कुठलाही चालतो, बाई," मी म्हटलं. "फक्त रोज लावायचा."